चौथी नळी

नलू, शोकसभेत ज्या बाईबद्दल सगळे बोलत होते ती मला काही केल्या ओळखू येईना. ती मितभाषी होती. तिने कधी कोणाला दुखवलं नाही. तिने म्हणे संशोधनाला वाहून घेतलं होतं. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही कोण? आमची नलिनी स्टाफरूममध्ये बोलायला लागली की शेजारच्या वर्गातले सर उठून दार लावून घ्यायचे. आणि मला दुखवल्याशिवाय तुझा आठवडा सरला असेल असं मला आठवत नाही. वाहून घेण्याचं म्हणशील, तर तुला पीएचडी हवी होती, तिच्या मागून येणारी बढती हवी होती आणि तुझ्या आईचा, आयेचा, गुडघा बरा करायचा होता. तिन्ही कारणं चांगली होती. त्यांना फुलं वाहायची काही गरज नव्हती.

प्राचार्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी उठले नाही. उठले असते तर भांडले असते, आणि समोर हार घातलेला फोटो होता. फोटोशी भांडता येत नाही.

तुझ्यावर राग आहे, तो आधी सांगून टाकते. महाडच्या बाजारपेठेत पुराचं पाणी भरलं होतं त्या दिवशी तू गुडघाभर गढूळ पाण्यातून कॉलेजला आलीस. नंतर ताप आला. पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप आला तर घरचे उपाय करू नका, सरळ डॉक्टरकडे जा, हे तू दर पावसाळ्यात मुलांना फळ्यावर लिहून द्यायचीस. स्वतः मात्र पॅरासिटामॉल गिळून प्रॅक्टिकल घेत राहिलीस. मी म्हटलं, "डोळे बघ आरशात, पिवळे दिसतायत." तू म्हणालीस, "ताई, तू रसायनशास्त्राची आहेस, रंग बघायची तुला खोडच आहे." मुंबईला हलवलं तोवर उशीर झाला होता. शरीरातला दाह कसा कमी करावा यावर इतकी वर्षं वाचणाऱ्या बाईला स्वतःच्या अंगातला दाह कळू नये? कळला होता. तू वेळ काढत होतीस. काम पुरं करायचं होतं ना.

ते काम सुरू झालं तेव्हा मी हसले होते. तुझे मुंबईचे सर, म्हणजे तुझे पीएचडीचे मार्गदर्शक, त्यांनी विषय दिला होता: समुद्रशैवालाचा अर्क वापरून चांदीचे नॅनोकण करायचे आणि त्यांनी सूज, दाह कमी होतो का ते बघायचं. तू माझ्या प्रयोगशाळेत आलीस ती ताई ताई करतच. काही हवं असलं की मी ताई, एरवी मॅडम.

"ताई, थोडं सिल्व्हर नायट्रेट देशील?"

"वनस्पतीशास्त्राला चांदी कशाला? तुम्ही पानं वाळवा आणि कागदावर चिकटवा."

"पानाच्या अर्कात चांदीचं द्रावण घातलं की चांदीचे कण तयार होतात. इतके बारीक, की सूक्ष्मदर्शकातसुद्धा दिसत नाहीत. त्यांना नॅनो म्हणतात."

आपला शिपाई काचेचं सामान धूत होता. तो म्हणाला, "नॅनो म्हणजे ती लहान गाडी ना, मॅडम?" तू त्याला म्हणालीस, "तीच. फक्त ही अजून लहान हाय आणि हिला पेट्रोल लागत नाय." मी द्रावण दिलं. फुकट देणार नाही, माझंही नाव घाल, असं मी थट्टेत म्हटलं आणि तू ते खरं केलंस. पेपरवर तीन नावं ठरली: तुझं, माझं, सरांचं. तुझं पहिलं. त्या थट्टेने पुढे काय करून ठेवलं ते बघ.

डोंगरातली तू आणि घाटावरून इथे नोकरीला आलेली मी, दोघींना समुद्राचं काही म्हणता काही कळत नव्हतं. हरिहरेश्वरला शैवाल आणायला गेलो तेव्हा एसटीचं वेळापत्रक पाठ करून गेलो. भरती-ओहोटीचं बघायचं असतं हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. उतरलो तर खडक पाण्याखाली. मासे विकायला बसलेली एक बाई हसून लोळायची बाकी राहिली. म्हणाली, "समुद्र काय तुमच्या एसटीवर चालतोय? बसा आता पाणी उतरंपर्यंत." बसलो. परतीची गाडी चुकली. पण तू त्या ओल्या खडकांवर ओचा खोचून जी उतरलीस, ती हाताला लागेल ते तपकिरी शैवाल पिशवीत भरत सुटलीस. मी वर उभी राहून पडशील पडशील ओरडत होते. तू पडली नाहीस. मी पडले.

मग पहिला प्रयोग. अर्कात तू चांदीचं द्रावण ओतलंस आणि सगळं दह्यासारखं पांढरं फुटलं. तुझा चेहरा पडला. मला मात्र हसू आवरेना. अकरावीच्या मुलालाही माहीत असतं की मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पांढरा साका बसतो. मीठ ओळखायची तीच तर परीक्षा.

"शैवाल धुतलंस?"

"धुतलं की, एकदा."

"समुद्रातून आणलंय, नलू. अंगणातून नाही."

ते मीठ घालवण्यासाठी तू पुढच्या खेपेचं अख्खं पोतं घेऊन माहेरी गेलीस. माहेर म्हणायचं आपलं. तू लग्न केलं नव्हतंस, त्यामुळे ते तुझं एकच घर. कापडे गावापर्यंत एसटी, पुढे मिनीडोर रिक्षा, पुढे पाय. मीही आले होते, कारण तुझ्यावर माझा विश्वास नव्हता. तुमच्या वाडीच्या वरच्या झऱ्यावर आपण ते शैवाल पुन्हा पुन्हा धुतलं आणि तुमच्या अंगणात पसरलं. तुझी आये उंबऱ्यावर पाय लांब करून बसली होती. नाचणीची शेती आणि डोक्यावरचे भारे यांनी तिचा गुडघा सुजून नारळाएवढा झालेला.

"काय आणलास गो हे? डोंगरात काय पाला कमी हाय?"

"समुद्राचा हाय, आये."

"वास सांगतोय. आणि ह्यानं माझा गुडघा उतरंल?"

"उतरंल."

मी मध्ये पडले. "आये, अजून काही सांगता येत नाही. बघायचंय."

तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू तुझ्या घासात मी माती कालवली. परतताना मिनीडोरमध्ये तू मला सोडून ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलीस. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: जे अजून आपल्याला माहीत नाही, ते आईला सांगू नये.

यावेळी रंग आला. फिकट पिवळा अर्क हळूहळू तपकिरी झाला, गाळलेल्या कोऱ्या चहासारखा. कण तयार झाल्याची ती खूण. मुंबईला नमुना पाठवला, तिथल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो आले, कण होते. मग सुजेची परीक्षा. अंड्याचा पांढरा भाग पातळ करून काचेच्या नळीत घ्यायचा आणि तापवायचा. तो शिजून गढूळ होतो. एखादं औषध घातल्यावर तो कमी गढूळ झाला, तर ते औषध प्रथिनांना बिघडू देत नाही, म्हणजे सुजेवर चालण्याची शक्यता आहे असं धरतात. शक्यता. एवढंच. हा शब्द मी तुला किती वेळा ऐकवला असेल. "अंडं म्हणजे गुडघा नव्हे, नलू." तू म्हणायचीस, "गुडघ्यापर्यंत जायचं तर सुरुवात अंड्यापासूनच होते."

अंडी आणायचं काम तू मुद्दाम माझ्यावर टाकलंस. आमच्या घरी अंडं येत नाही हे तुला माहीत होतं. बाजारपेठेतला दुकानदार पुडी बांधताना हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही पण सुरू केलंत?" मी म्हटलं, "कॉलेजसाठी आहेत." तो म्हणाला, "सगळे असंच काहीतरी म्हणतात." तू हे ऐकून स्टाफरूमभर सांगत फिरलीस.

वीज जायच्या वेळा सांभाळून काम करावं लागे. नळ्या ठेवायचा वॉटर बाथ तापत आला की भारनियमन. तू एमआयडीसीच्या दिशेला हात करून म्हणायचीस, "त्यांच्या भट्ट्या चालू आणि आपली चार नळ्यांची चूल बंद." चार नळ्या. पहिलीत नुसतं अंडं. दुसरीत सुजेवरचं नेहमीचं औषध. तिसरीत तुझे चांदीचे कण. चौथी माझ्या सांगण्यावरून आली. तिच्यात नुसता शैवालाचा अर्क, चांदीशिवाय. मी विचारलं होतं, "तिसरी स्वच्छ राहिली तर ते चांदीमुळे की पाल्यामुळे, हे कसं कळणार?" तू कुरकुरलीस. म्हणालीस, तुला प्रत्येक गोष्टीत शंका. पण नळी लावलीस.

पहिली दुधासारखी झाली. दुसरी स्वच्छ. तिसरीही बरीच स्वच्छ. आणि चौथी तिसरीइतकीच. कलरिमीटरवर गढूळपणा मोजला तरी तेच. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

त्या दुपारी तू काय केलंस ते मी विसरणार नाही. टाळी वाजवलीस. "म्हणजे पाला एकटाच करतोय सगळं! अगं ताई, चांदी नकोच! आयेच्या गुडघ्यावर पाला वाटून लावला तरी चालेल!" मी लगेच, "लावायचा नाही काही, अजून काही सिद्ध झालेलं नाही." तू माझे खांदे धरून हलवलेस. "गप्प बस गो. एक मिनिट तरी आनंद होऊ दे."

नोकरीत मी इतकी वर्षं जे प्रयोग करून घेतले, त्यांची उत्तरं पुस्तकाच्या मागे छापलेली होती. उत्तर कोणालाच माहीत नाही अशा नळीकडे मी पहिल्यांदा पाहिलं ते तुझ्यामुळे. हे तुला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर चढून बसली असतीस, म्हणून नाही सांगितलं.

मग तू सरांना फोन केलास.

ते काय म्हणाले ते तू मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलंस. पाल्याच्या अर्कावर पुष्कळ लोकांनी लिहिलंय, त्यात नवीन काही नाही. नवीन आहे ते नॅनो. मासिकं नॅनो घेतात. चौथ्या नळीची गरज नाही, तो रकाना काढून टाका. खोटं लिहायचंच नाही, फक्त एक गोष्ट लिहायची नाही.

दुसऱ्या दिवशी तू त्यांचं म्हणणं तुझं म्हणून माझ्याशी बोलायला लागलीस.

"कमी मात्रेत कदाचित चांदीच पुढे जाईल. तुला काय माहीत?"

"नाही माहीत. मग तसं करून बघ. आणि चारही छाप."

"छापणार कोण? तू?"

"नलू, चौथी नळी आपण पाहिली आहे."

"तुला काय जातंय बोलायला! तुझी बढती झाली, घर झालं. मला अजून दर वर्षी प्राचार्यांपुढे उभं राहून पीएचडी कुठवर आली ते सांगावं लागतं. सगळे असंच करतात. एक रकाना गाळला म्हणून कोण मरतंय?"

"कोणीतरी वाचून आपल्या आईला चांदी पाजेल."

"माझ्या आयेला मध्ये आणू नकोस."

"तूच आणलीस. मी नाही."

असं किती दिवस चाललं! डबे वेगळे खायला लागलो आपण. शेवटचं बोलणं प्रयोगशाळेच्या दारात झालं. तुला तेव्हा ताप होताच. मी पुन्हा तोच विषय काढणार हे तुझ्या लक्षात आलं आणि तू हात वर केलास. "पुरे. मी ठरवलंय." मी विचारलं, "काय?" तू म्हणालीस, "सांगते नंतर. आत्ता डोकं दुखतंय." आणि गेलीस.

काय ठरवलं होतंस, नलू?

बाराव्यानंतर सरांचा फोन आला. आवाज मऊ होता. नलिनीताईंचं काम अपुरं राहता कामा नये. पेपर तयार आहे, पहिलं नाव त्यांचंच, खाली त्यांच्या स्मृतीला अर्पण असंही छापू. फक्त मासिकाला सगळ्या लेखकांच्या सह्या लागतात. तुमची तेवढी पाठवा. मी विचारलं, "चौथी नळी आहे?" ते म्हणाले, "त्यावर त्यांचं माझं बोलणं झालं होतं." मी विचारलं, "त्या काय म्हणाल्या होत्या?" ते म्हणाले, "आता त्या गोष्टीला काय अर्थ आहे, मॅडम?"

तुझा पिवळा अर्क आणि चांदीचं तपकिरी द्रावण, दोन्ही फ्रिजमध्ये होती, बाटल्यांवर तुझ्या अक्षरात तारीख. मी अंडी आणली. दुकानदार या वेळी काही बोलला नाही. चारही नळ्या मी एकटीने पुन्हा लावल्या, कारण माणूस गेलं की त्याच्याबद्दलचं आपलं म्हणणं आपोआप खरं वाटायला लागतं, आणि मला ते चालणार नव्हतं. तेच उत्तर आलं.

मग तुमच्या वाडीवर गेले. आये उंबऱ्यावरच होती. मला वाटलं होतं, ती रडेल आणि मला तिची समजूत घालावी लागेल. ती रडली नाही.

"सरांचा फोन आलावता. बोलले, तुमच्या पोरीचं नाव परदेशाच्या पुस्तकात येतंय. एक सही राहिलेय. ती कोनाची?"

"माझी."

"मग कर की."

"आये, त्यात एक गोष्ट लपवलेली आहे. औषध चांदीचं म्हणून छापतायत. आम्ही पाहिलं तेव्हा चांदीने काही भर घातली नव्हती."

"कोन बघायला येतंय?"

"मी पाहिलंय ना."

"तू हायस म्हनून तर!" ती एकदम मोठ्याने बोलली. शेजारच्या घरातून कोणी डोकावलं. "जिती होती तवा पन तू तिला आडवीच गेलीस. पोरगी सांजची येऊन रडायची. एक दिवस बोलली नायस, का नलू, चांगलं केलंस. आता मेल्यावर तरी तिच्या वाटंतून बाजूला हो. माझ्याकडं तिचं दुसरं काय हाय? नातू हाय? नाव तरी राहू दे."

तू रडायचीस, हे मला माहीत नव्हतं. माझ्यासमोर तू फक्त ओरडायचीस.

मी चहा न घेता खाली उतरले. तिने विचारलाही नव्हता.

सरांना मीच फोन केला. म्हटलं, चारही नळ्या छापा, आज सही पाठवते. ते म्हणाले, मग शीर्षकच उरत नाही. मी म्हटलं, शीर्षक बदला. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही दुःखात आहात. मी म्हटलं, दुःखाचा आणि कलरिमीटरचा संबंध नाही. मग त्यांचा आवाज मऊ राहिला नाही. "ठीक आहे. तुमचं नाव काढतो, सहीचा प्रश्नच मिटला." मी म्हटलं, "माझं खुशाल काढा. पण नलिनीचं ठेवून तीन नळ्या छापल्यात, तर चौथी कुठे गेली ते मी मासिकाला कळवीन. ती उत्तर द्यायला येणार नाही, म्हणून तिच्या नावावर काहीही खपवू देणार नाही." ते म्हणाले, "मग दोघींचीही काढतो. इथली मुलं नवीन शैवाल आणून सगळं पुन्हा करतील. तुम्हाला काय मिळालं यातून?"

मला काही मिळालं नाही. तुला त्याहून कमी. पेपर येईल, दुसऱ्यांच्या नावाने, तीन नळ्यांचा. त्यांनी चौथी लावली तर ती काय दाखवते ते मला कधी कळणार नाही आणि विचारण्याचा मला हक्क उरलेला नाही. ओल्या खडकांवर तू उतरली होतीस, झऱ्यावर हात तुझे गारठले होते. त्यातलं काही कुठे लागणार नाही. हे मी केलं. तुला न विचारता केलं.

तू चौथी नळी छापायचं ठरवलं होतंस, असं मी सगळ्यांना सांगू शकते. टाळी वाजवणारी नलू मी पाहिली आहे, तिने तसंच ठरवलं असेल असं म्हणणं सोपं आहे. पण डब्याचं झाकण आपटून "कोण मरतंय" म्हणणारी नलूही मीच पाहिली आहे. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्याला हवं ते घालायचं, हे शोकसभेत सगळ्यांनी केलं. मी करणार नाही. तू काय ठरवलं होतंस ते मला माहीत नाही.

आता आपल्या कॉलेजच्या वार्षिक अंकाचे संपादक माझ्या मागे लागले आहेत. "मॅडम, हृद्य आठवणी लिहा. दोन पानं. तांत्रिक नको, आणि कोणाची नावं नकोत." त्यांना हेच देते आहे. तुझं सोडून कोणाचं नाव घातलेलं नाही. तांत्रिक म्हणाल तर एवढंच आहे: महाडच्या या कॉलेजात प्रा. नलिनी सकपाळ यांनी केलेल्या अंड्याच्या परीक्षेत समुद्रशैवालाच्या नुसत्या अर्काने प्रथिनं बिघडण्याचं प्रमाण कमी झालं. त्यात चांदीचे नॅनोकण केल्याने आणखी फरक पडलेला दिसला नाही. हे काचेच्या नळीतलं आहे, माणसातलं नाही. कोणी यावरून गुडघ्याला काही लावू नये, पोटात तर मुळीच घेऊ नये. ज्याला शंका असेल त्याने पुन्हा करून पाहावं. मी मदत करीन.

हा अंक परदेशात जात नाही. पोलादपूरच्या पुढेही जात नाही बहुधा. अंक आला की मी वाडीवर जाईन. आये माझ्याशी बोलत नाही. दार लावून घेतलं तर उंबऱ्यावर बसेन. उघडलं तर तुझं छापलेलं नाव तिला बोट ठेवून दाखवीन. आणि पुढचं काय लिहिलंय ते वाच म्हणाली, तर सगळं वाचीन, ती मला काय बोलली तेसुद्धा.